अठरा-पंचावन्न

"तुमाले वाघ काढाचा हाये का चिमणी?"
बर्डीवर, मोदी नंबर तीनच्या गल्लीत
येरपुडेंनी काउंटरवरचा पंखा माझ्याकडे वळवत विचारलं.
मी म्हटलं, टिटवी.

ते जरा थांबले.
त्यांच्याकडे बहुतेक वाघवालेच येत असणार,
ताडोबाचं बुकिंग खिशात घेऊन,
हाताएवढ्या नळ्या मागत.

माझ्याकडे फरकाचे एकतीस हजार होते
आणि एक वही. तिच्यात रात्री जागून उतरवलेलं:
बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त.
मेगापिक्सेलला भुलू नये.
जुनं घेतलं तर आत बुरशी बघावी, टॉर्च मारून.
मी टॉर्च आणला होता.
ते हसले, म्हणाले, मारा.

सत्तर-तीनशे, सेकंडहॅंड, कड्याला ओरखडा, आत स्वच्छ.
दारातून रोखलं तर समोरच्या चहावाल्याच्या
कपाळावरचा घाम थेट माझ्या डोळ्यात आला.
"पण पाच वाजता, सकाई, हे आंधळं होते बाई.
नळी लांब, उजेड आत पोचतच नाई.
स्टँड लागन. स्टँडचे अलग पैसे."

मग अठरा-पंचावन्न. नवी, हलकी,
डब्यासोबत येते म्हणून कुणी तिला मान देत नाही,
लग्नातल्या करवलीसारखी.
"यानं टिटवी एवढीशी दिसन. मुंगीएवढी.
जवळ जावं लागन तुमाले."

पुढे त्यांनी एफचा आकडा समजावला:
आकडा लहान, तर भोक मोठं.
मी म्हटलं, हे तर आमच्या ऑफिससारखं,
बंगला मोठा, तर बिल लहान.

चौदा वर्षं मी मीटरचे फोटो काढते.
जिन्याखाली, चपलांच्या रॅकमागे,
गोठ्यात, जिथे म्हैस बाजूला होत नाही तिथे.
काचेवर ऊन चमकलं की मोबाइल थोडा तिरका धरायचा,
उरलेल्या उन्हावर ओढणीची सावली,
श्वास धरायचा, आणि दाबायचं.
आकडा हलला की ऑफिसातून परत येतो,
लाल अक्षरांत एकच शब्द: अस्पष्ट.
मग पुन्हा तेच घर, तोच कुत्रा.

येरपुडेंना हे सांगितलं नाही.
अठरा-पंचावन्न घेतली.
तीनशेतली नळी परवडली नाही, हे एक कारण.
दुसरं, दारातून त्या चहावाल्याकडे पाहताना
त्याला न विचारता त्याच्या घरात गेल्यासारखं वाटलं;
मी तर रोज बेल वाजवून जाते.

गोरेवाडा, मेचा दुसरा आठवडा, पावणेसहा.
तलाव मागे सरकलेला, गाळाला भेगा,
आणि आत्ताच गरम होऊ लागलेली हवा.
टिटवी होती. मी दहा पावलं गेले, ती ओरडली.
मी बसले.
सात पावलं, ओरडली.
मी बसले. गुडघे करकरले,
बाटलीतलं पाणी कोमट झालं,
दिदीचा फोन आला, कापला.
नंतर ती ओरडायची थांबली नाही,
पण मी बसूनच राहिले, आणि दाबलं.
एकशे बारा वेळा.

दुपारी पडदे ओढून, कूलर लावून
तितिक्षाच्या लॅपटॉपवर पाहिले.
तितिक्षा म्हणाली, आई, यात पक्षी कुठे आहे?
उजव्या कोपऱ्यात एक करडा फराटा,
पायाची पिवळी रेघ, तीही हललेली.
बाकी सगळे दगड.
दगड मात्र काय लख्ख, एकेक खडा मोजून घ्यावा.

मी मोजायला लागले. सवयच ती.
खालून चौथ्या भेगेपाशी
चार खडे जरा जास्तच गोल,
मातकट, काळे ठिपके,
टोकं आत वळवून एकमेकांना टेकलेले.

चार पावलांवर असणार. फार तर पाच.
अजून एकदा पुढे सरकले असते तर
माझी चप्पल.

तितिक्षानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला,
बराच वेळ काही बोलली नाही.
मी उठून कूलरमध्ये पाणी घातलं.
फराट्याचा तो फोटो तिनं पुसायला घेतला होता.
मी म्हटलं, राहू दे.
हा कुठूनही परत येणार नाही.